चांगल्या माणसांनी महापालिकेपासून लांब राहावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तळमळीने काम करणाऱ्यांनी पुणे महापालिकेत नगरसेवक व्हावं, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: एकाच प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, तिथे पैसा आणि पक्षाचं तिकीट यांशिवाय कोणी निवडून येत नाही. सज्जनांनी सोसायटी सांभाळावी, तक्रारी ॲपवर टाकाव्यात, सहभागी अंदाजपत्रकाचा, म्हणजे आपल्या भागातली कामं महापालिकेला सुचवायचा, अर्ज भरावा. आणि तुमच्या सोसायटीत पाण्यासाठी झगडणाऱ्या ताईंनी तर ‘या चिखलात पडूच नये’.

पैशाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. प्रभागात सरासरी ८० हजारांवर लोकवस्ती, घरोघर पोहोचणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. शिवाय चौघे निवडून आले की ‘ते माझ्याकडे नाही, अमक्यांना भेटा’ हे ऐकावं लागतं. ही रचना मलाही पटत नाही.

पण म्हणून ती खुर्ची सोडून द्यायची? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुण्यात जवळपास चार वर्षं प्रशासक राज्य होतं. आयुक्तांनीच अंदाजपत्रक मांडायचं आणि स्थायी समिती, मुख्य सभा यांच्या वतीने त्यांनीच ते मंजूर करायचं. सगळे अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. त्यांना ‘का?’ विचारून उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेणारं कोणी नव्हतं, हे मला फार लागलं. ॲपवरची तक्रार काम न होताही ‘निकाली’ निघते. मुख्य सभेत उभं राहून विचारलेला प्रश्न असा परस्पर मिटवता येत नाही.

सहभागी अंदाजपत्रक मलाही प्रिय आहे. २००६ पासून पुण्याने ते चालवलंय. पण त्यात एका कामाला ५ लाखांची मर्यादा. बाक होतात, पदपथ होतात, दिवे लागतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा ज्यांच्या घरात शिरला, त्यांची सीमाभिंत ५ लाखांत उभी राहत नाही. तिला तरतूद लागते. आणि तरतूद झाली, तरी पुढे वर्गीकरणाचा प्रस्ताव आणून ते पैसे भलतीकडे वळवले जात नाहीत ना, यावर डोळा ठेवणारं माणूस आत लागतं. असलं काम फ्लेक्सवर झळकत नाही, फार कोणाला कळतही नाही. मला नगरसेवक हवा तो नेमका यासाठी. कार्यपत्रिका घरून वाचून येणारा, आणि मध्यरात्री ससून रुग्णालयाच्या दारातून एखाद्याचा फोन आला तर तोही उचलणारा.

आता त्या ताई. पाण्याची लाइन कुठे फुटते, टँकर कोणाच्या दारात आधी जातो, फाइल कुठल्या टेबलावर अडते, हे त्यांना ठाऊक आहे असं तुम्हीच लिहिलंय. राज्यातल्या महापालिकांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. वय २१ पूर्ण आणि शहराच्या मतदार यादीत नाव असलं, की कोणत्याही प्रभागातून उभं राहता येतं. उतरायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. ठरवलंच, तर उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही तुमची असावी, असं मला मनापासून वाटतं.