डोकं रिकामं केलं तर ऐरोलीला उतरणार कसं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: 'मेंदू म्हणजे हार्ड डिस्क. जुन्या आठवणींनी ती भरते. मग आठवणी लक्ष खेचून नेतात आणि माणूस जुन्यातच अडकतो, नवीन शिकत नाही. डिलीट करा!' खाली टाळ्यांचा पाऊस.

डिस्क भरते म्हणे. आठवण फाइलसारखी एका कोपऱ्यात पडलेली नसते. ती चेतापेशींमधल्या जोडण्या घट्ट-सैल होण्यात असते, आणि नवीन गोष्ट ओळखायलाही त्याच जोडण्या कामाला येतात. जागेची टंचाई असते ती ओटीपी टाइप करेपर्यंत आकडे धरून ठेवतो, त्या घडीभराच्या स्मृतीत. दहावीच्या कवितांनी ती अडत नाही.

आठवणी लक्ष खेचतात? कालच्या भांडणापुरतं मान्य. एरवी त्या लक्षाला वाट दाखवतात. 1998 साली मार्विन चुन आणि युहाँग जियांग या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पडद्यावर 'एल' अक्षरांच्या गर्दीत एक आडवा 'टी' शोधायला लावला. काही मांडण्या पुन्हा पुन्हा येत. त्यांत 'टी' लवकर सापडू लागला, पण ती मांडणी आधी पाहिल्याचं लोकांना ओळखता येईना. आठवण आहे याचा पत्ता नाही, आणि नजर मात्र तिच्याच सांगण्यावरून फिरतेय! पुढच्याच वर्षी चुन आणि एलिझाबेथ फेल्प्स यांनी हाच खेळ हिप्पोकॅम्पस (आठवणी घडवणारा मेंदूचा भाग) आणि आसपासच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना दिला. त्यांना ओळखीच्या मांडणीचा फायदा झालाच नाही. ('डिलीट' केलं की हे होतं, काका.)

राहिलं जुन्यात अडकणं. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे निघालं की वर्षानुवर्षं पहिलं स्टेशन ऐरोली. डुलकी काढणारे पहिल्या ब्रेकला आपोआप उठायचे. जानेवारी 2024 मध्ये मधेच दिघा गाव स्टेशन सुरू झालं. मीही बॅग छातीशी धरून दारापर्यंत गेलो, फलक वाचला, मागे वळलो तर सीट गेलेली. अंदाज असा तोंडावर आपटला की मेंदू तिथेच शिकतो. पण आपटायला आधी अंदाज हवा, आणि तो आठवणीतूनच येतो. शेजारी बसलेल्या नवख्याला दिघ्याचं काहीच नवल नव्हतं. तो गाडी थांबली की विचारत होता, "ऐरोली आलं का?"

आता दिघ्याला माझा डोळाही उघडत नाही.