भाच्याला डायलिसिसला लावण्याविषयी चार शब्द

भाचा बारावी होऊन तीन वर्षे झाली, पोलीस भरतीसाठी धावून झाले, तलाठ्याच्या परीक्षेची फी भरून झाली आणि यंदाच्या कापसावर घर चालेल अशी चिन्हे नाहीत, अशा वेळी मामा या नात्याने आपले लक्ष तालुक्याच्या गावी नुकत्याच उघडलेल्या डायलिसिस केंद्राकडे जाणे अगदी स्वाभाविक आहे. आपण योग्य दिशेने पाहत आहात. तिथे एसी असतो, अंगावर पांढरा अ‍ॅप्रन येतो, उन्हात जावे लागत नाही आणि बहिणीला चारचौघींत सांगता येते, "आमचा पोरगा डायलिसिसले लागला." फक्त आमच्या भागात पेशंटविषयीही नेमके हेच वाक्य म्हणतात, त्यामुळे समोरच्या बाईने डोळ्याला पदर लावण्याच्या आत बहिणीने पगाराचा आकडा सांगून टाकावा.

गावात एखादा तरी वाचणारा मनुष्य असतोच आणि तो आपल्याला घाबरवेल. तो सांगेल की २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या अनुसूचीत डायलिसिसच्या तंत्रज्ञांचाही समावेश आहे, अशा तंत्रज्ञाचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत विभागलेले असावे असे त्यात लिहिले आहे, आणि शिक्षण झाल्यावर नोंदणीही करावी लागते. आपण त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे, त्याला चहा पाजावा आणि मग हिशेब मांडायला सांगावे. एक डायलिसिस साधारण चार तास चालते, म्हणजे २,००० तासांत पाचशे डायलिसिस बसतात. अहो, पऱ्हाटीत पाचशे वेळा डवरा तर आपणही धरला नसेल, तरी शेती आपण करतोच ना? ट्रॅक्टरला लायसन्स लागते हे खरे. पण ट्रॅक्टर रस्त्यावर येतो आणि रस्त्यावर पोलीस असतो. डायलिसिसचे मशीन हॉलच्या बाहेर पडत नाही.

तेव्हा दोन वर्षांच्या पदविकेच्या आणि त्याहून लांबलचक पदवीच्या नादी न लागता जिल्ह्याच्या गावी जावे. तिथे बसस्थानकासमोरच्या एखाद्या इमारतीत, मोबाइल दुरुस्तीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर, हेच ज्ञान पुष्कळ कमी दिवसांत देण्याची सोय असते, आणि त्या दिवसांतही रविवारची सुट्टी पाळली जाते. प्रमाणपत्र लॅमिनेशन करून मिळते. त्यावर सोनेरी शिक्का असला म्हणजे झाले. तो कोणाचा आहे हे केंद्राचा मालक वाचत नाही, आणि पेशंटला वाचता येत नाही, कारण तो आडवा असतो.

भाच्याला पहिल्याच दिवशी एक मंत्र शिकवून ठेवावा, की सारे मशीन करते. हा मंत्र मी प्रत्यक्ष ऐकलेला आहे. आमचे मोठेबाबा आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने अशाच एका केंद्रावर जात, आणि सोबत मी असे. डॉक्टरांनी तीनदा सांगितले होते, पण तिसऱ्यांदा जायचे तर सोबतच्या माणसाची तिसरी मजुरी बुडते, त्यामुळे मूत्रपिंडांनीच थोडे समजून घ्यावे असे घरात ठरले होते. एके दिवशी पेशंट लावून झाल्यावर पोरगा खिडकीपाशी मोबाइल घेऊन बसला. पंधरा मिनिटांनी मशीन वाजले. तो उठला, बटण दाबून आवाज बंद केला आणि बसला. मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा वाजले, त्याने पुन्हा बंद केले. मी भीत भीत विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काही नाही होत काका, मशीनले सवयच हाय बोंबलाची." चौथ्यांदा वाजले तेव्हा मोठेबाबांनी स्वतःच पांघरूण बाजूला केले. कोपराच्या वर हात भिजलेल्या सरकीच्या पोत्यासारखा टम्म झाला होता आणि त्यावर वांग्याचा रंग चढत होता. परतीच्या रक्ताची सुई शिरेतून निसटली होती आणि मिनिटाला पाव लिटरच्या हिशेबाने येणारे रक्त मांसात शिरू पाहत होते. मशीन बिचारे दाब वाढला, दाब वाढला म्हणून सांगत होते. मशीन सारे करते, हे पोराचे म्हणणे तेवढ्यापुरते अगदी बरोबर होते. ऐकण्याचे काम मात्र कंपनीने त्यात बसवलेले नव्हते.

वाचकहो, अशा प्रसंगी भाच्याने बर्फ आणायला सांगावे. बर्फ आणायला नातेवाईक बाहेर पडतो आणि तेवढ्या वेळात चेहरा सावरता येतो.

शिकलेल्या तंत्रज्ञांना काही वाईट खोडी असतात, त्या भाच्याला लागू देऊ नयेत. सुई लावण्याआधी ते फिस्टुलावर बोटे ठेवतात आणि डोळे मिटून काहीतरी ऐकल्यासारखे करतात. धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेल्या त्या जागी मांजर घुरघुरावे तशी थरथर लागते, आणि ती लागली नाही तर आतला रस्ता बुजला असे समजायचे असते. ते त्या हातावर रक्तदाब मोजू देत नाहीत, सलाइन लावू देत नाहीत. वजनाच्या बाबतीत तर त्यांचा सोवळेपणा असह्य असतो. डायलिसिसच्या आधीचे वजन आणि पेशंटचे कोरडे, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे, वजन यांतल्या फरकावरून शरीरातून किती पाणी काढायचे हे ठरते, म्हणून चपला काढा, शाल काढा, खिशातला डबा काढा, असा त्यांचा लकडा चाललेला असतो. डिसेंबरात आमच्या मोठेबाबांना स्वेटर, कानटोपी आणि तंबाखूच्या डबीसकट काट्यावर उभे करून, त्या साऱ्या संसाराचे वजन पाणी समजून काढण्यात आले. तिसऱ्या तासाला त्यांच्या पोटऱ्यांत असे गोळे आले आणि रक्तदाब असा खाली गेला की शेजारच्या खाटेवरची म्हातारी स्वतःच्या नळ्या सांभाळत रामरक्षा म्हणू लागली. स्वेटर मात्र जागच्या जागी होता.

आता पाण्याविषयी. हा भाग थोडा मोठा आहे, पण भाच्याला तो न शिकवण्यासाठी आपल्याला तो ठाऊक असणे आवश्यक आहे. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, आणि त्यातले नको ते वेगळे करायला आतडी आणि मूत्रपिंडे असतात. डायलिसिसमध्ये मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास द्रव रक्ताशेजारून वाहतो, मध्ये फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा, पातळ पडदा असतो, आणि चार तासांत सुमारे १२० लिटर पाणी अशा रीतीने रक्ताच्या भेटीला येऊन जाते. हे पाणी कुठले? अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले असेल, तर ते इतके खारे की जनावर तोंड लावून मागे सरते. यवतमाळ-चंद्रपूरकडचे असेल, तर कित्येक गावांच्या विहिरींत आणि बोअरमध्ये फ्लोराइड असते. आणि नळाचे असेल तर त्यात ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या माणसाच्या हाताने पडलेली टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर असते. पावसाळ्यात साथ आली की वरून आदेश सुटतो आणि तो माणूस एका डब्याऐवजी तीन डबे ओततो, त्यात त्याची काही चूक नाही. मात्र क्लोरीन रक्तात पोहोचले की तांबड्या पेशी फुटतात, आणि ते अडवण्याची जबाबदारी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या आधी उभ्या असलेल्या कार्बनच्या टाकीवर असते. टाकीतला कार्बन केव्हा थकला हे बाहेरून दिसत नाही. म्हणून दर पाळीच्या आधी तिच्यापलीकडचे पाणी नळीत घेऊन थेंब टाकून तपासायचे असते, आणि एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर आढळले तर पेशंट लावायचा नसतो. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. आमच्या केंद्रात त्या तपासणीची पेटी होती, ती खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरीत, आणि तपासणीची वही महिन्याच्या पहिल्या तारखेला महिनाभराची भरून ठेवलेली असे. अक्षर सुरेख होते.

तो वाचणारा मनुष्य इथेही नाक खुपसेल. ब्राझीलमधल्या कारुआरू गावी १९९६ मध्ये काय झाले ते तो सांगेल. जलाशयातल्या नीलहरित शेवाळाचे विष नीट शुद्ध न केलेल्या, टँकरने आणलेल्या पाण्यातून एका डायलिसिस केंद्रात शिरले आणि पन्नासहून अधिक पेशंट यकृत निकामी होऊन गेले. त्याला सांगावे, ब्राझील फार लांब आहे. टँकर मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात रोज येतो, हे त्याच्या लक्षात येण्यापूर्वी विषय बदलावा.

विषय बदलण्यासाठी अमेरिका उत्तम. तिथल्या केंद्र सरकारच्या २००८ च्या नियमांनुसार डायलिसिस तंत्रज्ञाने कामावर लागल्यापासून १८ महिन्यांच्या आत प्रमाणपत्र मिळवले तरी चालते. हे वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून काढण्याजोगे आहे. अमेरिकेसारख्या अमेरिकेत दीड वर्ष प्रमाणपत्राशिवाय चालते, मग आपल्या भाच्याने काय घोडे मारले? एवढे बोलून थांबावे. त्याच नियमात पुढे असे आहे की या तंत्रज्ञाने मंजूर झालेले प्रशिक्षण नोंदणीकृत परिचारिकेच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केलेले असावे, त्यात मशीन चालवण्याबरोबर पेशंटशी बोलावे कसे हेही शिकवलेले असावे, आणि पाण्याची यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण आणखी निराळे. परदेशी गोष्टींचे आंधळे अनुकरण करू नये असे आपले म्हणणे असल्यामुळे हा उत्तरार्ध आपण सोडून दिला तरी कोणी दोष देणार नाही.

कावीळ ब असलेल्या पेशंटचे मशीन वेगळे ठेवावे लागते. खर्च वाढतो.

डायलायझर धुऊन पुन्हा वापरायचा असेल तर तो त्याच पेशंटला लावायचा असतो आणि त्यासाठी त्यावर नाव लिहितात. इथे पुस्तकी शिक्षणाची मर्यादा स्पष्ट दिसते, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला आमचे गाव ठाऊक नाही. आमचे निम्मे गाव वानखडे आहे. 'वानखडे' अशी चिकटपट्टी लावलेले तीन डायलायझर एका कपाटात पाहून मी पोराला विचारले, यातला आमचा कोणता? त्याने तिन्ही उजेडात धरून पाहिले आणि त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारा आम्हाला दिला. मोठेबाबांनी त्याला आशीर्वाद दिला, इतका मायाळू पोरगा होता.

खरे सांगायचे तर पोरगा खरोखरच मायाळू होता, आणि एवढे एक वाक्य मी उपरोध बाजूला ठेवून लिहितो आहे. त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते. त्याचा पगार एखाद्या सालदारापेक्षा फार वेगळा नव्हता, दोन पाळ्यांत तो एकटा असे, आणि जेवणाचा डबा तो आरओच्या खोलीत उभ्याने खाई. जवळच्या मोठ्या दवाखान्यात पदविका घेतलेले तंत्रज्ञ होते, पण असा शिकलेला माणूस एवढ्या पगारात तालुक्याला टिकत नाही, नागपूरला निघून जातो; तो गेला की जागा रिकामी होते आणि रिकाम्या जागेला भाचे असतातच. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, महात्मा फुले योजनेच्या कार्डावर डायलिसिस होऊ लागले, त्यामुळे पूर्वी ज्यांना नागपूरची वाट परवडत नव्हती म्हणून घरीच मरण येई, ते आता मशीनपर्यंत पोहोचतात. मशीनजवळ कोण उभे आहे, ही त्यापुढची बाब झाली, आणि तिथे आपल्यासारख्या मामांनी हातभार लावायचा आहे.

तपासणीचे पथक येणार असेल तर फार चिंता करू नये. ते येणार असल्याचे आदल्या दिवशी कळते. भाच्याला त्या दिवशी रजा द्यावी आणि ज्याचे खरे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आहे त्या तंत्रज्ञाला जिल्ह्याच्या गावाहून गाडी पाठवून बोलवावे. तो येताना अ‍ॅप्रन आणतो, मशीन कुठले ते मात्र त्याला दाखवावे लागते.

एक किरकोळ अडचण उरते. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंडे बिघडण्याची मोठी कारणे आहेत, आणि मामा लोकांची वये पाहता आपल्यालाही कधी मूत्रपिंडांची खबर देणारा क्रिएटिनिनचा कागद हातात धरावा लागणे अशक्य नाही. तसे झाल्यास आपल्या केंद्रात भाचा आहे हे ठाऊक असल्यामुळे आपण शेजारच्या तालुक्यात जाल, हे मी धरून चालतो. शेजारच्या तालुक्यातही मामा आहेत.

मोठेबाबांच्या शेवटच्या महिन्यांत तो मायाळू पोरगा सोडून गेला आणि नवा आला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मोठेबाबांनी आडवे होता होता विचारले, "कोनाचा रे तू?" त्याने मामाचे नाव सांगितले. मोठेबाबा खूश झाले. मामा त्यांच्या ओळखीचे, पंचायत समितीत बसलेले, पोळ्याला आमच्या बैलांसमोर नारळ फोडून गेलेले. "मंग काय भेव नाही," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले. पोराने हातमोजे चढवले, सुई घेतली आणि त्यांचा उजवा हात सरळ केला. फिस्टुला डाव्या हाताला होता.