पाच मिनिटांचे पाचशे

नाशिकला दादाच्या बेसिनचा नळ गळत होता. प्लंबर आला, वायसर बदलला, पाच मिनिटांत काम उरकून पाचशे रुपये मागितले. घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं, "ही शुद्ध लूट." पुण्याच्या आयटीवाल्या भाच्याचं उलटच, "मामा, देऊन मोकळे व्हा. स्वतः करायला गेलात तर दोन तास जातील. तुमच्या तासाची किंमत काय?" मग दोघांनी मला मधे ओढलं, कारण इथे जर्मनीत मी नळ स्वतः दुरुस्त करतो आणि त्यावरून यथेच्छ टिंगल करून घेतो.

तर माझ्या नळाची हकीकत. वुर्झबुर्गच्या पाण्यात क्षार फार. एका शनिवारी बाथरूमचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाण्याचा एकत्र नळ, ठिबकायला लागला. बेसिनखालचा कॉक क्षारांनी धरलेला, तो फिरवण्यातच अर्धा तास गेला. दांड्याखालचं लाल-निळं बटण नखाने उचकटलं, ॲलन कीने आतला बारीक स्क्रू काढला, तेव्हा कुठे कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा आतला सुटा भाग, हाताला लागली. ती मुख्यतः ३५ आणि ४० मिलिमीटरची मिळते. मी नजरेच्या अंदाजाने ४० ची आणली. हवी होती ३५ ची. तोवर दुकान बंद, रविवारी इथे सगळंच बंद. दोन दिवस हात धुवायला स्वयंपाकघरात. बायकोने सोमवारपर्यंत एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं. एकूण चार तास आणि चुकीची धरून दोन कार्ट्रिज.

भाच्याच्या हिशेबाने मी बुडालो. पण माझी शनिवारची संध्याकाळ विकत घेणार कोण? पगार महिन्याचा ठरलेला. ते चार तास फोन बघण्यात गेले असते. शिवाय प्लंबरला द्यायचे पैसे कर कापून हातात आलेल्या पगारातले, आणि त्याच्या बिलावर १९ टक्के व्हॅट. इथे पारडं स्वतः करण्याकडेच झुकतं. (गॅस आणि घरातली वायरिंग सोडून. तिथे मी हात लावत नाही.)

दादाचं 'लूट' म्हणणंही मला पटत नाही. इथल्या बिलात येण्याजाण्याचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, सामान वेगळं. त्याला कारणही आहे: मजुरी आणि येण्याजाण्याच्या खर्चाचा २० टक्के भाग, वर्षाला १२०० युरोपर्यंत, आयकरातून वजा होतो. पैसे बँकेतून दिलेले हवेत, रोख चालत नाही. त्यामुळे माणूस आपल्या दारापर्यंत आला याचेही पैसे असतात, हे डोळ्यांना दिसतं. दादाच्या पाचशेतही ते होतंच, फक्त लिहिलेलं नव्हतं. स्कूटरचं पेट्रोल, वाटेतला सिग्नल, प्रत्येक मापाचा वायसर असलेला डबा आणि कुठला लागणार हे बघताक्षणी कळणारी नजर. ती माझ्याकडे असती तर रविवारी आम्ही बाथरूममध्येच हात धुतले असते.

गंमत म्हणजे भांडणारे दोघे एका बाबतीत एकच. आपला तास पगाराने मोजायचा, प्लंबरचा घड्याळाने.

मी ग्रुपवर लिहिलं, "दादा, पाचशे दे, आणि चहा पाज." बराच वेळ निळ्या टिकाच. मग रात्री दादाचा मेसेज: "डिसेंबरात येतोयस ना? वरच्या बाथरूमचा मिक्सरही ठिबकतोय. ३५ ची आहे का ४० ची, ते येऊन बघ."