डान्झिग "हजार वर्षं जर्मनीचं" नव्हतं

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर पण दोनदा आला. त्यात म्हटलंय की पोलंडमधलं ग्दान्स्क म्हणजे जुनं डान्झिग, ते हजार वर्षं जर्मनीचं होतं, 1919 ला पोलंडला देऊन टाकलं, हिटलरला तेवढंच परत हवं होतं, आणि 1945 ला पोलंडला ते फुकटात मिळालं. लोक हे खरं समजून पुढे ढकलतायत म्हणून लिहितोय.

आधी ते हजार वर्षांचं बघू. या गावाचा पहिला लेखी उल्लेख 997 चा, पुढे तिथे स्लाव्ह सरदारांचं राज्य होतं, 1308 मध्ये ट्युटॉनिक नाइट्सनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेने, कत्तल करून ते घेतलं. पण खरी गंमत 1454 ची आहे, तेव्हा शहरातल्या जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनीच या नाइट्सविरुद्ध बंड केलं, त्यांचा किल्ला पाडून टाकला आणि पोलंडच्या राजाला आपला राजा मानलं, तो कारभार थेट 1793 पर्यंत, म्हणजे 339 वर्षं. घरात भाषा जर्मन, राजा पोलंडचा, आणि स्वतःचे हक्क इतके जपायचे की 1577 ला पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी याच्याशीच भिडले. इथल्याच हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाचं बघा ना, घरचा धंदा बिअरचा, छपरांवर दुर्बिणी लावून आकाश बघायचा, जर्मन बोलायचा, आणि आकाशातल्या एका तारकासमूहाला नाव दिलं "सोबिएस्कीची ढाल", म्हणजे पोलंडच्या राजाचं! प्रशिया या जर्मन राज्याकडे शहर गेलं ते 1793 ला, मधली नेपोलियनच्या ताब्यातली 7 वर्षं वजा केली तर 1920 पर्यंत जेमतेम 120 वर्षं.

1919 ला पोलंडला दिलं हेही खोटं. राष्ट्रसंघाच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या देखरेखीखाली वेगळं मुक्त शहर केलं, स्वतःची विधानसभा, स्वतःचं गुल्डन नाणं. पोलंडला बंदर वापरायचा हक्क होता, रेल्वे होती, पण शहर हातात नव्हतं, म्हणून तर त्यांनी शेजारच्या कोळीवाड्यात ग्दिनिया हे नवीन बंदर बांधलं.

बरं, शहरात बहुतांश लोक जर्मन होते, हे मान्यच आहे. पण हिटलरला तेवढंच हवं होतं? 23 मे 1939 ला त्याने स्वतःच सेनापतींना सांगितलं की वाद डान्झिगचा नाहीच, पूर्वेकडे जमीन वाढवायचीय. आणि 1 सप्टेंबरला, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, जर्मनांनी शहरातल्या पोलिश पोस्ट ऑफिसवर काय केलं ते वाचा. कर्मचारी दिवसभर लढले, शेवटी तळघरात पेट्रोल सोडून आग लावली, आत एक लहान मुलगीही होती, ती भाजली आणि नंतर दगावली. जे हात वर करून बाहेर आले त्यांतल्या बहुतेकांना महिन्याभराने गोळ्या घातल्या.

आता "फुकटात". मार्च 1945 मध्ये शहर जळून बेचिराख झालं, जर्मन रहिवासी पळाले, उरलेल्यांना हाकललं, ते हाल खरे आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. पण तिथे राहायला आलेले बरेच पोलिश लोकसुद्धा विल्नो (आताचं लिथुआनियातलं विल्नियस) वगैरे पूर्वेकडची घरं सोडून आले होते, कारण तो सगळा भाग सोव्हिएत युनियनने ठेवून घेतला. आपल्या कोल्हापूरजवळ वळीवड्याच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात जे हजारो पोलिश निर्वासित राहिले ना, ते बहुतेक मूळचे त्याच पूर्वेच्या भागातले. युद्ध संपल्यावर त्यांचीही गावं नकाशात पोलंडच्या बाहेर गेली होती.