कोलंबियाचा दोर तबकड्यांनी नाही तोडला
आमच्या खानापूरच्या ग्रूपवर चार दिवसांत तोच व्हिडिओ तीनदा आला. 1996 ला नासाच्या कोलंबिया या अंतराळयानानं (शटलनं) अंतराळात सोडलेला दोर तुटला, भोवती गोल तबकड्या फिरतायत, आणि खाली लिहिलंय की तिथं वजनच नसतं तर दोर तुटेल कसा, परग्रहवाल्यांनीच तोडला. शिकलेली पोरंपण पुढं ढकलायलेत म्हणून लिहितोय.

वजन नाही म्हणून ताण नाही, हे चूक. दोराचं एक टोक शटलला, दुसरं जवळजवळ 20 किलोमीटर वर उपग्रहाला. खाली पृथ्वीची ओढ जास्त, वर कमी, आणि दोघांना फेरी मात्र एकाच वेळात मारायची, त्यामुळं दोर ताठच राहतो. पण तो ताण साधारण साडेसहा किलो टांगल्याइतका आणि शाबूत दोर पेलणार 180 किलो, म्हणजे नुसत्या ओढीनं तो तुटणारच नव्हता.

मग तुटला कसा? आत तांब्याची तार होती बघा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातनं पळताना तिच्यात डायनॅमोसारखी वीज तयार झाली, साडेतीन हजार व्होल्ट, आणि इन्सुलेशनला कुठंतरी बारीक भोक पडलेलं, तिथनं आर्क (विजेची सलग ठिणगी) झाला, ताण पेलणारे केवलारचे मजबूत धागे जळत गेले आणि उरलेल्या धाग्यांना ते साडेसहा किलोपण झेपलं नाही. शटलकडचं टोक जळकं सापडलं. ज्यानं बोअरमधनं मोटर वर काढलीय त्याला हे सांगायलाच नको, केसिंगला घासून केबल एका जागी सोलते आणि शॉर्ट तिथंच होतो, बाकीची केबल नवीकोरी.

तबकड्या म्हणजे शटलजवळ तरंगणारे बर्फाचे नि कचऱ्याचे कण, फोकस लांबच्या दोरावर म्हणून फुगून गोल दिसतात. पावसात एसटीच्या काचेतनं डोंगराचा फोटो काढून बघा, काचेवरचा थेंब कसा येतो ते.

एकानं खाली लिहिलं, जाड दोर लावायचा होता. या अपघातात त्यानं काय फरक पडला नसता, पण एरवी त्यात तथ्य आहे. 1994 च्या सेड्स-2 या अंतराळातल्या दोराच्या प्रयोगाचा 20 किलोमीटरचा दोर 0.8 मिलिमीटरचा, अंतराळातल्या कुठल्यातरी कणानं चार दिवसांत कापला, आणि 1996 च्या टिप्स या तशाच प्रयोगाचा 4 किलोमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा, दहा वर्षं टिकला. पण नुसती जाडी वाढवत गेलं की वजन वाढतं आणि एवढं करून मोठा कण आला की एकाच फटक्यात सगळं जातं. म्हणून अमेरिकन संशोधक रॉबर्ट हॉइटनी सुचवलं की तेवढ्याच मालाचे बारीक धागे एकमेकांपासून लांब ठेवून जाळीसारखे जोडायचे, एक कापला तर भार शेजारच्यांवर जातो. आणि वीज वाहणार असेल तर दोर रिळावर गुंडाळायच्या आधी इन्सुलेशन इंच न् इंच तपासायचं, नाहीतर जाळी करूनपण तिथंच जळणार.