बादलीभर थंडावा

माझे साडू नागपूरचे. दर मे महिन्यात आंबे खायला गुहागरला येतात आणि एसटीतून उतरल्या उतरल्या "आमच्याकडे काल ४५ होतं" असं सांगतात, मुलाचे दहावीचे मार्क सांगावेत तसं. यंदा आमच्या पडवीतला पारा ३५ वर बघून ते चक्क हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच साडू उघडेबंब होऊन माजघराच्या कोब्यावर उताणे पडले होते आणि पंचा पिळत विचारत होते, "हा घाम वाळत का नाही हो?"

घाम वाळला की अंग निवतं हे खरं, पण वाळायला हवेत जागा तर हवी! आमच्या हवेत आधीच समुद्र पाय पसरून बसलेला. हवामान खात्यालासुद्धा हे ठाऊक आहे. सपाट मुलखात पारा ४० ला टेकल्याशिवाय ते उष्णतेच्या लाटेचं नाव काढत नाहीत, किनाऱ्यावर मात्र ३७ पासून विचार सुरू करतात. कोकणाला एवढी तीन अंशांची सवलत दुसऱ्या कुठल्या खात्याने दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

साडूंनी चिपळूणहून कूलर आणला. त्यांच्याकडे कोरडी ठणठणीत हवा ओल्या वाळ्यातून आत येते, पाणी उडून जातं, वारा गार होतो. आमच्याकडे पाणी कुठे उडायलाच तयार नाही. ते नुसतं घरभर फिरलं. संध्याकाळपर्यंत मिठाच्या बरणीत तळं झालं, काड्यापेटी पेटेना आणि आईने चार उन्हं दाखवून वाळवलेले फणसाचे पापड रुमालासारखे घडी घालण्याजोगे झाले. "बंद करा तो मेला ओला बंब!" ती ओरडली. सध्या त्या कूलरमध्ये शेजारची मांजर व्यालेय.

मग एसीचा विषय निघाला. आप्पांचा विरोध होता. "दर्यावरचा वारा काय कमी आहे?" कमी नाही, पण आमच्या आणि दर्याच्या मध्ये आता दोन लॉज आणि एक रिसॉर्ट आहे. वारा आधी तिथेच खोली घेतो.

एसीवाला मुलगा आला, आतल्या खोलीत उभा राहून वर बघू लागला. वर वासे, रिपा, कौलं आणि कौलांच्या फटीतून पडलेले उन्हाचे रुपये. भिंती तर आढ्यापर्यंत पोचतच नाहीत. या खोलीत शिंकलं की स्वयंपाकघरातून "शंभर वर्षं आयुष्य" ऐकू येतं.

"काका, सीलिंग कुठाय? असाच लावला तर अख्खं गुहागर गार कराल."

"मग गावाकडून वर्गणी काढू," आप्पा म्हणाले. "केवढा आहे?"

"दीड टन."

आप्पांनी चिऱ्याच्या भिंतीवर थाप मारून बघितली. मुलगा हसला आणि त्याने समजावलं की हे वजन नव्हे. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढी ताकद म्हणजे एक टन.

"म्हणजे रोज दीड टन बर्फ?" आप्पा हबकले. "अरे, तेवढ्यात वेलदूरच्या होडीची मासळी भरून होईल. आणि आम्ही त्यात कोणाला ठेवणार? ह्या साडूला?"

"बाहेरचं मशीन खाऱ्या हवेने खातं. समुद्र किती लांब?"

"भरतीला की ओहोटीला?"

शेवटी मशीन मागच्या बाजूला विहिरीकडे गेलं, खोलीला पीव्हीसीचं छत आलं, आणि पहिल्याच रात्री बारा बाय दहाच्या त्या खोलीत आम्ही नऊ माणसं झोपलो. "मी पडवीतच बरा" म्हणणारे आप्पा सर्वांत आधी, उशीसकट. साडूंना १८ हवं होतं. पण २०२० पासून नवा एसी आपोआप २४ वरच सुरू व्हावा असा नियम आहे, हे त्या मुलाने जाता जाता सांगितलं होतं. रिमोट आप्पांच्या उशीखाली गेला. "सरकारी हुकूम आहे. २४." अर्ध्या रात्री लाइट गेली आणि नऊ जण एकमेकांना तुडवत पडवीत आलो. बंद खोलीतला तो पाच मिनिटांचा अंधार माझ्या शत्रूच्याही वाट्याला न येवो, फार तर एखाद्या रिसॉर्टवाल्याच्या येवो.

खरी मजा सकाळी झाली. मशीनच्या नळीखाली कोणीतरी ठेवलेली बादली काठोकाठ भरली होती. जी दमट हवा आम्हाला महिनाभर छळत होती, ती रात्रभर गळून बादलीत उतरली होती. साडू म्हणाले, "यात निम्मा माझाच घाम असणार." आईने लक्ष दिलं नाही. विहीर तळाला गेलेली, पोहरा खडकावर आपटतोय, आणि इथे फुकटची बादली! तिने ती उचलून तडक अबोलीला घातली.

आठवडाभराने भर दुपारी बघतो तर खोलीचं दार बंद आणि आत एसी चालू. कोणी आजारी आहे की काय म्हणून दार ढकललं. आत चिटपाखरू नाही.

"आई, आत कोण झोपलंय?"

"कोणी नाही. दोन पोफळी राहिल्यात अजून."

बिलाच्या भीतीने मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी शांतपणे सदऱ्याच्या खिशातून रिमोट काढला.

"मग १८ वर टाक," ते आईला म्हणाले. "२४ ला धार बारीक पडते."