इनसोल दाब घालवत नाही, सरकवतो

नात्यातल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरही फिरून आला. जोडलेले हात आणि पावलांची चित्रं वगळली तर मजकूर असा: "पायाचा कॉम्प्युटर स्कॅन करून घ्या. लाल डाग दिसला म्हणजे धोका. आपल्या मापाचा इनसोल घातला की तळव्यावरचा दाब नाहीसा होतो. टाच, गुडघा, कंबर कायमची बरी. सपाट तळव्याच्या मुलांना लहानपणीच द्या. शुगर असेल तर सगळ्यात मऊ जेलचा, अ‍ॅक्युप्रेशरचे दाणे असलेला घ्या. एकदा खर्च, आयुष्यभर आराम."

त्याखाली आतेभावाचा प्रश्न: "तू याच कामातला ना? आईसाठी घेऊ का? साडेसात हजार सांगतायत."

याच कामातला आहे, हे खरं. ईव्हीएची, म्हणजे एका दाट फोमची, शीट ओव्हनमध्ये तापवायची, पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर दाबून बसवायची, ग्राइंडरवर घासून बुटात बसेल अशी करायची, हे माझं रोजचं काम. घरी गेल्यावरही केसांतून भुकटी झडते. त्यामुळे हा मेसेज खरा असता तर सगळ्यात आधी मीच तो पुढे पाठवला असता.

"दाब नाहीसा होतो" या वाक्यापासूनच घोळ आहे. सत्तर किलोचा माणूस इनसोल घातल्यावरही सत्तर किलोचाच राहतो. चालताना पाऊल टेकतं तेव्हा जमिनीचा उलटा जोर वजनापेक्षा थोडा जास्तच असतो, धावताना दुप्पट-तिप्पट. तो कुठे जाणार? दाब म्हणजे जोर भागिले जागा. जोर आपल्या हातात नाही, जागा आहे. सपाट तळाच्या बुटात टाच आणि चवडा हे दोघंच सगळं ओझं वाहतात आणि कमान अधांतरी असते. कमानीखाली आधार भरला की ती थोडं ओझं वाटून घेते. एका ठिकाणचा दाब काढून दुसऱ्या ठिकाणी दिला, एवढंच झालं. मग आमच्यासमोर दोनच प्रश्न उरतात: कुठून काढायचा, आणि ज्या जागेला देतोय तिला तो झेपेल का?

हे किती बारीक काम आहे ते सांगतो. चवड्याखाली घट्टा घेऊन कुणी आलं की आम्ही घट्ट्यावर लिपस्टिक लावतो. स्वस्तातली, गडद लाल. (पहिल्यांदा येणारे पुरुष हमखास लाजतात.) मग इनसोलवर चार पावलं चालायला सांगतो. इनसोलवर लाल ठसा उमटतो, ती दुखरी जागा. आधाराचा पॅड त्या ठशावर बसवायचा नसतो. तो बसतो ठशाच्या मागे, टाचेच्या बाजूला अर्धा-एक सेंटिमीटर. म्हणजे हाडं मागून उचलली जातात आणि घट्ट्यावरचा भार कमी होतो. तोच पॅड सेंटिमीटरभर पुढे गेला की दुखऱ्या हाडाखाली खडा ठेवल्यासारखं होतं. मग माणूस दोन दिवसांत इनसोल काढून कपाटावर टाकतो आणि "मला नाही मानवला" म्हणतो. त्याचं बरोबर असतं, चूक आमची असते.

आता लाल डाग. काचेवर किंवा दाबाच्या प्लेटवर उभं केलं की तुमच्या, माझ्या आणि मेसेज लिहिणाऱ्याच्याही टाचेखाली आणि चवड्याखाली लाल दिसणारच. वजन तिथेच पडतं. शिवाय किती दाबाला लाल रंग दाखवायचा हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. पट्टी खाली ओढली की अख्खं पाऊल पेटलेलं दिसतं. आणि उभ्या, अनवाणी पायाचं चित्र म्हणजे बुटात चालणारा पाय नव्हे. बुटाच्या आत सेन्सर ठेवून, माणसाला चालवून घेतलेली मोजणी वेगळी आणि उपयोगाची असते. स्टॉलवरचा दोन मिनिटांचा स्कॅन बहुतेक वेळा फक्त माप घ्यायच्या लायकीचा असतो.

टाचेचं दुखणं हा या धंद्याचा पोटापाण्याचा विषय. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुरी खुपसल्यासारखं होतं, दहा-वीस पावलांनंतर जरा कमी. तळव्याच्या जाड पडद्याचं, प्लांटर फॅशियाचं हे दुखणं. इनसोलने आराम पडतो का? थोडा पडतो. पण खास मापाच्याच इनसोलने पडतो का? ऑस्ट्रेलियात १३५ जणांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला. काहींना साच्यावर बनवलेला इनसोल दिला, काहींना तयार मिळणारा, काहींना नुसता पातळ फोमचा, नावापुरता. तीन महिन्यांनी पहिल्या दोन्ही गटांचं चालणं-फिरणं नावापुरत्यावाल्यांपेक्षा थोडं सुधारलेलं होतं, आणि त्या दोघांत फरक नव्हता. वर्षभराने तिन्ही गट सारखेच. म्हणजे साध्या टाचदुखीला दुकानातला बऱ्यापैकी घट्ट, कमानीला आधार देणारा तयार इनसोल पुरतो. त्याला पोटरी आणि तळवा ताणायच्या व्यायामाची जोड द्या आणि घरात कडक फरशीवर अनवाणी फिरणं बंद करा. बहुतेकांची टाच वर्षभरात आपसूक शांत होते. ज्याने नवव्या महिन्यात महागडा इनसोल घेतला, तो दहाव्या महिन्यात त्याचे गोडवे गाणार, हे ओघानेच आलं.

गुडघ्याचं आणि कमरेचं पटकन उरकतो. गुडघ्याच्या झिजेसाठी बाहेरच्या बाजूने उंच असलेल्या पाचरीच्या इनसोलवर बरेच प्रयोग झाले. २०१३ मध्ये त्या सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा साध्या सपाट इनसोलच्या तुलनेत दुखण्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. कंबरदुखी टाळायला इनसोल उपयोगी नाहीत, हे तर उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात स्पष्टच म्हटलंय.

मग मापाचा इनसोल कुणालाच नको का? असंही नाही. कमान फार उंच असलेला, ताठर पाय तयार इनसोलवर बसतच नाही. अशा दुखऱ्या पायांच्या १५४ जणांवरच्या चाचणीत मापाचा इनसोल नावापुरत्या, खोट्या इनसोलपेक्षा सरस ठरला. संधिवाताने वाकडी झालेली बोटं, एखादं बोट कापलेलं, हाडं खचून होडीसारखा झालेला तळवा, अशांसाठी साचा घ्यावाच लागतो. आमचं खरं काम तिथे आहे. पण त्या लोकांसाठी कुणी असे मेसेज लिहीत नाही.

मुलांचं वाचून मात्र मला राग आला. सपाट तळव्याच्या नावाखाली पाच-सहा वर्षांची पोरं आमच्याकडे आणतात. पोर वर्कशॉपभर हुंदडत असतं आणि बाप हळूच सांगतो, "पुढे भरतीच्या मेडिकलला अडायला नको." ती धास्ती मी समजू शकतो. सैन्याच्या तपासणीत तळवा बघतातच. पण लहान मुलांचा तळवा सपाट दिसणं हे वयाचं लक्षण आहे, कमान दहाएक वर्षांपर्यंत हळूहळू घडते. पोराला टाचा उचलून चवड्यावर उभं करा. कमान दिसली, काही दुखत नाही, तर पाय लवचीक आहे. मग काहीही करायचं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत १२९ मुलांवर तीन वर्षं चाललेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खास बूट आणि इनसोल घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांची कमान सारखीच सुधारली. पाय ताठर असेल, दुखत असेल, एकाच बाजूला सपाट असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, स्कॅनवाल्याला नाही.

याच विषयावरचा आपल्या देशातला एक अभ्यास आहे. राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट तळवा ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. तेव्हा आजीने "पोराला मातीत खेळू दे" म्हटलं तर तिच्याशी वाद घालू नका.

आता आत्याचं. तिला वीस वर्षं शुगर आहे आणि मध्यंतरी तिच्या पायातली चप्पल चालताना निसटली तेव्हा तिला चार पावलं कळलंच नव्हतं. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य नेमकं अशा माणसांना उद्देशून आहे.

बधिर पायाचं शास्त्र मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाने शिकवलं, आणि तेही बरंचसं आपल्याकडेच. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले सर्जन पॉल ब्रँड यांनी पाहिलं की रुग्णांच्या पायांचं मांस रोगाने आपोआप सडत नाही. त्यांना दुखत नाही म्हणून ते त्याच जागेवर हजारो पावलं टाकत राहतात, आणि साध्या चालण्याच्या दाबानेच कातडीखाली जखम होते. तुम्हाआम्हाला टोचलं की आपण नकळत लंगडतो, बुटात पाय हलवतो, बसतो. बधिर पाय हे काहीच करत नाही. तिथून मायक्रोसेल्युलर रबराच्या (एमसीआर), म्हणजे आत हवेचे बारीक कप्पे असलेल्या रबराच्या चपला आल्या. कुष्ठरोगाच्या सरकारी कार्यक्रमात बधिर पायांच्या रुग्णांना मोफत मिळते ती 'एमसीआर चप्पल' हीच. वर मऊ रबर, खाली काटा आरपार येणार नाही असा कडक तळ, मागे पट्टा, आणि कुठेही खिळा नाही. दिसायला गावठी, पण प्रत्येक भागामागे कुणाच्या तरी पायाची जखम आहे.

आता त्या चपलेशेजारी "दाणे असलेला मऊ जेल" ठेवून बघा. दाणा म्हणजे दाब एका बिंदूवर गोळा करणं. जे टाळण्यासाठी आम्ही दिवसभर ग्राइंडर चालवतो, तेच पैसे देऊन विकत घ्यायचं. ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला दाणे टोचतात आणि तो पाच मिनिटांत काढून ठेवतो. आत्याला ते टोचणारच नाहीत, उलट "बरं वाटतंय की" म्हणून ती बाजारात जाऊन येईल.

जास्त मऊ म्हणजे जास्त चांगलं, हेही खोटं. फार मऊ वस्तू वजनाखाली तळाला टेकते. मग ती असून नसल्यासारखी. एमसीआरचा तुकडा चिमटीत दाबला तर साधारण अर्ध्यापर्यंत दबावा आणि सोडला की परत फुगावा, असा आमच्यात अंदाज घेतात. जेल चिमटीत दाबून बघा, बोटाला बोट लागतं.

आणि बूट? मेसेजमध्ये बुटाबद्दल एक अक्षर नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका काकांना, शुगर, बधिर पाय, मी मन लावून इनसोल करून दिला. चवड्याखालचा भार झकास उतरला होता. त्यांनी तो रोजच्या बुटात घातला. बुटात तेवढी खोली नव्हती. पाय सहा-सात मिलिमीटर वर उचलला गेला आणि अंगठ्याचा माथा बुटाच्या छताला घासत राहिला. आठव्या दिवशी मोजा चिकटला म्हणून घरच्यांनी पाहिलं. तळव्याचा दाब मी काढला होता आणि अंगठ्याच्या माथ्यावर नेऊन ठेवला होता. बूट बघितल्याशिवाय इनसोल देणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

मधुमेही पायांसाठी सूचना काढणारा आयडब्ल्यूजीडीएफ नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. ज्यांच्या तळव्याला एकदा जखम होऊन भरली आहे त्यांच्याबद्दल तो २०१९ मध्ये सांगतो: पादत्राणाने चालताना दाब खरोखर उतरतो हे मोजून दाखवा. धोक्याच्या जागेचा दाब निदान ३० टक्के कमी व्हावा किंवा २०० किलोपास्कलच्या (हे दाब मोजायचं एकक) खाली यावा. "मऊ वाटतो" हे माप त्यात नाही. धोक्यातल्या पायांनी घरातसुद्धा अनवाणी, नुसत्या मोज्यांवर किंवा पातळ सपातांत फिरू नये, असंही तो सांगतो. आपल्याकडे त्यात देवळाच्या अंगणातली उन्हात तापलेली फरशीही धरा. आणि जखम आधीच असेल तर इनसोल हा उपाय नव्हेच. तिथे गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट लागतो, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

राहिलं "आयुष्यभर आराम". ईव्हीए दबत जातं, एमसीआरही. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना पात्र मधुमेहींना वर्षाला एक जोड खोल बूट आणि तीन जोड इनसोल देते. म्हणजे चार महिन्यांना एक. सरकारी विमा उगाच उदार होत नाही. जुना इनसोल उलटा करून उजेडात धरा. चवड्याच्या जागी वाटीसारखा खळगा पडला असेल तर तो संपला.

आतेभावाला एवढं सगळं लिहिलं नाही. आत्यालाच फोन केला. म्हटलं, "पैसे ठेव जवळ. रविवारी ये. रोज घालतेस त्या चपला, देवळात जातानाच्या वेगळ्या असतील तर त्या, आणि घरातल्या सपाता, सगळ्या पिशवीत घालून आण."

"घरातल्या कशाला? घरात मी काही घालत नाही."

"बरं. मग आज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेव आणि दोन्ही तळवे त्यात बघून मला सांग."

रात्री साडेनऊला तिचा फोन आला. डाव्या करंगळीच्या मुळाशी काळसर घट्टा आहे म्हणाली, कधीपासूनचा ते माहीत नाही. रविवारपर्यंत थांबायला नको म्हटलं. उद्या सकाळी तिच्या डॉक्टरांकडे जायचंय.